लँगम: एस्क नदीकाठचे गाव आणि जमिनीच्या मालकीचा इतिहास

महाबळेश्वरच्या बाजारपेठेला माल्कम पेठ हे नाव ज्यांच्यामुळे मिळाले, त्या सर जॉन माल्कम यांचे मूळ गाव पाहण्यासाठी एक वाचक कुटुंबासह दक्षिण स्कॉटलंडमधील लँगमला जाणार आहेत. त्यांचा प्रश्न असा आहे की, जेमतेम सव्वादोन हजार वस्तीच्या या नदीकाठच्या गावात राजवाडा नाही, नावाजलेले मोठे चर्च नाही आणि डोंगरावरचा एक स्तंभ सोडला तर पर्यटकाला दाखवण्यासारखे फारसे काही दिसत नाही. मग तिथला इतिहास म्हणून नेमके काय पाहावे आणि तो कोणत्या कागदपत्रांतून समजून घ्यावा? स्कॉटलंडच्या सीमाभागातील गावांची जुनी दप्तरे वाचणे हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

माझ्या मते लँगमचा सारा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो, तो म्हणजे ‘ही जमीन कोणाची?’ गावातली लढाई, वर्षातला सर्वांत मोठा सण, कापडगिरण्या, परदेशी गेलेले मुलगे आणि गेल्या काही वर्षांत गावाने वर्गणी काढून विकत घेतलेले माळरान या साऱ्या गोष्टी वेगवेगळ्या वाटल्या, तरी त्या याच प्रश्नाची वेगवेगळ्या काळातली उत्तरे आहेत. हा धागा हाती ठेवून गावात फिरल्यास दगडी घरांच्या साध्या रांगाही बऱ्याच बोलक्या होतात.

आधी भूगोल पाहू. एस्क नदी उत्तरेकडच्या डोंगरांतून खाली येते आणि लँगमपाशी तिला यूज आणि वॉखप हे दोन प्रवाह मिळतात. पुढे ती इंग्लंडच्या हद्दीत शिरून सॉल्वे खाडीला जाते. इंग्लंडमधील कार्लाइल शहर येथून सुमारे 20 मैलांवर असून तिकडून एडिंबरोकडे जाणारा जुना रस्ता गावाच्या मधूनच जातो. तीन खोऱ्यांची तोंडे आणि सीमेकडचा रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती हा सारा मुलूख, हे मध्ययुगातील प्रत्येक सरदाराला कळत होते. 1 मे 1455 रोजी ‘ब्लॅक डग्लस’ घराण्यातील भावांचा राजा दुसरा जेम्स याच्या पक्षाच्या सैन्याने आर्किनहोम येथे पराभव केला. ते आर्किनहोम म्हणजेच आजचे लँगम. मोरेचा अर्ल आर्चिबाल्ड डग्लस लढाईत पडला, त्याचा भाऊ ऑर्मंडचा अर्ल ह्यू पकडला जाऊन मारला गेला आणि तिसरा भाऊ इंग्लंडमध्ये पळाला. राजालाही जुमानत नसलेल्या या घराण्याच्या जमिनी जप्त झाल्या आणि राजाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सीमेवरील घराण्यांचे नशीब उघडले.

पुढची दीडशे वर्षे हा प्रदेश नावापुरताच राजाच्या अमलाखाली होता. दक्षिणेला एस्क आणि सार्क या नद्यांच्या दरम्यान सुमारे दहा मैल लांबीचा एक पट्टा होता आणि त्यावर स्कॉटलंड व इंग्लंड हे दोन्ही देश हक्क सांगत. त्यामुळे तिथे कोणाचाच कायदा चालत नसे. अखेर 1552 मध्ये फ्रेंच राजदूताच्या मध्यस्थीने मातीचा बांध घालून त्या पट्ट्याची वाटणी झाली आणि तो बांध ‘स्कॉट्स डाइक’ या नावाने आजही ओळखता येतो. अशा मुलखात आर्मस्ट्राँग, इलियट, ग्रॅहॅम या कुळांचा मुख्य उद्योग रात्री घोड्यावरून जाऊन सीमेपलीकडची गुरे हाकून आणण्याचा होता. गिलनॉकीचा जॉनी आर्मस्ट्राँग हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. 1530 मध्ये अवघ्या 18 वर्षांच्या राजा पाचव्या जेम्सने त्याला साथीदारांसह कार्लनरिग येथे फासावर चढवले. गावाच्या दक्षिणेला एस्कच्या काठी गिलनॉकीचा चौकोनी दगडी बुरूज उभा आहे. त्याच्या जाड भिंती आणि अरुंद खिडक्या पाहिल्या की त्या काळी घर बांधणे आणि किल्ला बांधणे यांत फारसा फरक का नव्हता, ते लगेच कळते. या कुळाबद्दलची एक गोष्ट गावकरी आजही आवडीने सांगतात. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग 11 मार्च 1972 रोजी लँगमला आले आणि गावाने त्यांना मानद नागरिकत्व दिले. ज्या कुळाला राजसत्तेने एकेकाळी संपवू पाहिले, त्याच कुळाच्या नावाचा माणूस त्या दिवशी गावाचा पाहुणा होता.

1603 मध्ये दोन्ही देशांचा राजा एकच झाला आणि सीमा सीमा म्हणून उरली नाही. गुरे पळवणारी कुळे कठोरपणे मोडून काढण्यात आली. आज आपल्याला दिसणाऱ्या गावाची सुरुवात त्यानंतरची आहे. त्या वेळी ही जमीन मॅक्सवेल घराण्याकडे, म्हणजे निथ्सडेलच्या अर्लकडे होती. 1621 मध्ये राजाच्या सनदेने लँगमला बाजारपेठेच्या गावाचा दर्जा मिळाला. आठवड्याचा बाजार आणि जत्रा भरवण्याचा हक्क त्यात होता. मग अर्लने आपल्याच नात्यातील काही जणांना, दगडी घरे बांधण्याच्या अटीवर, जमिनीचे तुकडे दिले आणि त्यांच्याबरोबर भोवतालच्या माळावरील सामाईक हक्कही दिले. पुढच्या दोन शतकांचे भांडण या सामाईक हक्कांतूनच उभे राहिले, म्हणून येथे थोडे थांबायला हवे.

स्कॉटलंडमधील सामाईक जमीन आणि आपल्याकडचे गायरान यांत एक महत्त्वाचा फरक आहे. तिथली सामाईक जमीन सगळ्या रयतेची नसे. ज्यांच्याकडे गावात मालकीची जमीन होती, त्यांच्या एकत्र मालकीची ती असे. मात्र प्रत्यक्षात त्या माळावर गरिबांचीही गाय चरे. चुलीसाठी पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली जळाऊ माती, तिथूनच येई आणि छप्परासाठी गवत व दगडही तिथूनच मिळत. या उत्तरेकडच्या थंडीत पीट कापण्याचा हक्क गेला, तर हिवाळा काढणे अशक्य होते. सतराव्या शतकाच्या मध्यास लँगमची जमीन बक्लू या बड्या जमीनदार घराण्याकडे गेली आणि अठराव्या शतकात शेतीच्या सुधारणांची लाट आली, तेव्हा मोठ्या जमीनदारांना सामाईक माळ वाटून, कुंपण घालून आपल्या हिश्शात आणायचे होते. 1695 च्या कायद्याने अशी वाटणी मागण्याचा मार्ग सोपा करून ठेवलेलाच होता. लँगमच्या माळाचा वाद एडिंबरोच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात गेला आणि 1759 मध्ये निकाल लागला. त्यात काही भाग गावाकडे कायम राहिले. नदीच्या संगमाजवळचे किल्नग्रीन हे हिरवे पटांगण आणि व्हिटा डोंगरावरील पीट कापण्याची जागा हे त्यांतले मुख्य भाग.

न्यायालयाने हक्क दिला, पण तो टिकवण्यासाठी एक अटही होती. शीव कुठून कुठे जाते हे सर्वांना कळावे म्हणून तिच्या खुणा, खड्डे आणि दगडांच्या राशी दरवर्षी साफ करून ठेवाव्या लागत. हे काम कोणी केले नाही, तर पुढच्या पिढीत सीमा विसरली जाई आणि शेजारचा जमीनदार हळूहळू आत सरकत येई. म्हणून गावाने एका माणसाला दरवर्षी शिवेवरून फिरण्याचे काम दिले. आधी हे फिरणे पायी होई आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात घोडे आले. जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी होणारा ‘कॉमन रायडिंग’ हा सण त्यातूनच उभा राहिला. गावाने निवडलेला तरुण ‘कॉर्नेट’ त्या दिवशी गावाचा झेंडा हाती घेऊन शेकडो घोडेस्वारांच्या पुढे निघतो. मिरवणुकीत फुलांचा मुकुट, एक प्रचंड मोठे काटेरी ‘थिसल’, माती उकरण्याचे फावडे आणि लाकडी ताटलीवर खिळ्याने ठोकलेली सातूची भाकरी व खारवलेला हेरिंग मासा मिरवला जातो. कॉर्नेटच्या पट्ट्याचे रंग त्या वर्षी इंग्लंडमधील एप्समची ‘डर्बी’ ही घोड्यांची शर्यत जिंकणाऱ्या जॉकीच्या रंगांवरून ठरतात. घोड्याच्या पाठीवर उभा राहून एक जण गावाचे हक्क आणि सीमा मोठ्याने पुकारतो.

या सणाकडे केवळ लोककला म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही. फावडे तिथे शोभेसाठी नाही. शिवेच्या ठरलेल्या जागी आजही हरळीचा थर उकरून खूण ताजी केली जाते. 1759 च्या निकालाची ती दरवर्षी केलेली अंमलबजावणी आहे, एवढे लक्षात ठेवून सण पाहिला तर त्यातील गांभीर्य कळते. शक्य असेल, तर आपला प्रवास जुलैच्या अखेरीस ठेवावा. मात्र त्या दिवसांत गावात राहण्याची सोय मिळवणे अवघड असते, हेही ध्यानात घ्यावे.

सामाईक माळ काही प्रमाणात वाचला, पण वाढत्या लोकसंख्येला पुरेल इतकी जमीन गावात नव्हती. बक्लू घराण्याच्या तिसऱ्या ड्यूकने 1778 पासून एस्कच्या पश्चिम काठावर नवे लँगम आखले, सरळ रस्ते पाडले आणि घर बांधणाऱ्याला थोडी शेतजमीन देऊ केली. त्याच दशकात जुने आणि नवे गाव जोडणारा दगडी पूलही उभा राहिला. त्यावर काम करणाऱ्या गवंड्यांमध्ये थॉमस टेलफर्ड नावाचा एक तरुण होता. तो 9 ऑगस्ट 1757 रोजी शेजारच्या वेस्टरकर्क परगण्यातील ग्लेनडिनिंग येथे मेंढपाळाच्या घरी जन्मला आणि काही महिन्यांतच त्याचे वडील वारले. दगड घडवण्याचे काम तो लँगममध्ये शिकला. गावाने शिकवले, पण तिथे त्याच्या कामाला वाव नव्हता, म्हणून 1780 मध्ये तो एडिंबरोला आणि पुढे इंग्लंडला गेला. कॅलेडोनियन कालवा आणि वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवरील 1826 चा झुलता पूल ही त्याची पुढची कामे सर्वांना माहीत आहेत. मला मात्र त्याच्या मृत्युपत्रातील एक तरतूद फार मोलाची वाटते. 1834 मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा त्याने लँगम आणि वेस्टरकर्क या दोन्ही ठिकाणच्या वाचनालयांना प्रत्येकी 1,000 पौंड ठेवले.

वेस्टरकर्कचे वाचनालय 1793 मध्ये तिथल्या अँटिमनीच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांनी स्वतः सुरू केले होते आणि आजही ते बेंटपाथ येथे चालू आहे. डोंगरातील खाणकामगारांनी आपापसात पैसे जमवून पुस्तके विकत घ्यावीत, हे अठराव्या शतकातील स्कॉटलंडचे फार मोठे वैशिष्ट्य आहे. लँगमच्या वाचनालयाची गोष्ट त्याहून दूर पोहोचते. 11 ऑगस्ट 1892 रोजी गावात एका टपालवाटप करणाऱ्याच्या घरी ख्रिस्तोफर मरे ग्रीव्ह जन्मला. कुटुंब टपाल कार्यालयाच्या इमारतीत राहू लागले आणि त्याच इमारतीत वर वाचनालय होते. तिथली पुस्तके त्याने धुंडाळून वाचली. हाच पुढे ह्यू मॅकडायरमिड या नावाने विसाव्या शतकातील स्कॉट्स भाषेचा सर्वांत मोठा कवी झाला. एका गवंड्याने ठेवलेल्या पैशांतून वाढलेल्या वाचनालयाने एक कवी घडवला, असे म्हटल्यास फार अतिशयोक्ती होणार नाही. गावाशी त्याचे संबंध मात्र तणावाचेच राहिले. जो मान 1972 मध्ये परदेशातून आलेल्या अंतराळवीराला मिळाला, तो जन्माने लँगमच्या असलेल्या कवीला त्याच्या हयातीत मिळाला नाही. 1978 मध्ये तो वारला आणि गावाच्याच दफनभूमीत त्याला पुरले. व्हिटाच्या रस्त्यावर त्याचे उघड्या पुस्तकाच्या आकाराचे धातूचे स्मारक आहे आणि ते कुठे उभारावे यावरूनही वाद झाला होता.

आता ज्यांच्यासाठी आपण निघाला आहात, त्या माल्कम घराण्याकडे येतो. जॉन माल्कम यांचा जन्म 2 मे 1769 रोजी लँगमपासून थोड्या अंतरावर एस्कच्या काठी असलेल्या बर्नफूट येथे झाला. बर्नफूट हे नाव सीमाभागात अनेक ठिकाणी येते, म्हणून नकाशात शोधताना वेस्टरकर्क परगण्यातील बर्नफूट पाहावे. त्यांचे आजोबा यूज येथील धर्मोपदेशक होते आणि बर्नफूटची जमीन त्यांनी कसण्यासाठी घेतली होती. घराणे या जमिनीचे कूळ होते, मालक नव्हते. वडील जॉर्ज माल्कम यांना सतरा मुले झाली आणि व्यापारातील उलाढालींत त्यांचे दिवाळे निघाले. कुळाच्या मुलांच्या वाट्याला जमीन येणार नव्हती आणि आता पैसाही उरला नव्हता. म्हणून मुलगे फार लहान वयात बाहेर पडले. जॉन यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपुढे नेले, तेव्हा ते अवघे बारा-तेरा वर्षांचे होते. हैदर अलीशी गाठ पडली तर काय करशील, या प्रश्नावर त्यांनी तलवार काढून त्याचे डोके उडवीन असे उत्तर दिल्याची आख्यायिका त्यांच्या प्रत्येक चरित्रात सांगितली जाते. 1783 मध्ये ते मद्रासला पोहोचले. 1815 मध्ये जॉन आणि त्यांचे भाऊ जेम्स व पल्टनी अशा तिघांना ‘सर’ हा किताब मिळाला. पुढे धाकटे चार्ल्स यांनाही तो मिळाला. पल्टनी माल्कम नौदलात अॅडमिरल झाले आणि नेपोलियन सेंट हेलेना बेटावर कैदेत असताना तिथल्या नौदलाचे प्रमुख होते. त्यांचा पुतळा गावातच आहे. चार्ल्स 1827 पासून मुंबईत कंपनीच्या आरमाराचे प्रमुख होते.

मराठी वाचकाला जॉन माल्कम यांचे नाव पेशवाईच्या शेवटच्या पर्वात भेटते. 21 डिसेंबर 1817 रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्धच्या लढाईत ते होते आणि 6 जानेवारी 1818 चा मंदसोरचा तह त्यांनीच घडवून आणला. 3 जून 1818 रोजी दुसरे बाजीराव अशीरगडाजवळ त्यांच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाख रुपयांची नेमणूक देण्याचे माल्कम यांनी मान्य केले. गव्हर्नर जनरलना ही रक्कम फार वाटली, पण दिलेला शब्द पाळावा लागला आणि बाजीराव बिठूरला गेले. नोव्हेंबर 1827 ते डिसेंबर 1830 या काळात माल्कम मुंबईचे गव्हर्नर होते. 1829 मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून त्यांनी वाईकडील खंडाळा हे गाव देऊन महाबळेश्वरचा भाग घेतला. तिथे वसलेली पेठ म्हणजेच माल्कम पेठ. गाड्या जाण्याजोगा बोरघाटाचा रस्ताही त्यांच्याच कारकिर्दीत, 1830 मध्ये, खुला झाला. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक सोसायटीत, शिल्पकार चँट्री यांनी घडवलेला त्यांचा संगमरवरी पुतळा आपण कदाचित पाहिला असेल.

30 मे 1833 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. 1835 मध्ये व्हिटा डोंगराच्या माथ्यावर 100 फूट उंचीचा दगडी स्तंभ उभारायला सुरुवात झाली. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 350 मीटर आहे आणि स्वच्छ दिवशी तिथून सॉल्वे खाडी व इंग्लंडमधील लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर दिसतात. या स्तंभाखाली उभे राहिल्यावर मराठी माणसाच्या मनात संमिश्र भावना येणे स्वाभाविक आहे आणि त्या दडपण्याचे कारण नाही. माल्कम हे साम्राज्य पसरवणारे अधिकारी होते. पराभूतांशी वागताना काहीशी उदार बुद्धी त्यांनी ठेवली, हेही कागदपत्रांवरून दिसते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. स्तंभ बर्नफूटच्या कुळाच्या मुलासाठी उभा आहे, पण त्याची कीर्ती दुसऱ्यांच्या राज्यांवर मिळाली आणि गावातील कोणतीही पाटी ही गोष्ट पुरेशी सांगत नाही.

लँगमचा आणखी एक मुलगा आपल्या किनाऱ्याशी जोडलेला आहे आणि त्याचे नाव फारसे घेतले जात नाही. विल्यम ज्युलियस मिकल हा 1734 मध्ये लँगमच्या धर्मोपदेशकाच्या घरी जन्मला. वास्को द गामाच्या भारतप्रवासावरील लुईश द कामोंइश यांच्या पोर्तुगीज महाकाव्याचे त्याने इंग्रजीत भाषांतर केले. ते 1776 मध्ये प्रसिद्ध झाले आणि इंग्रजी वाचकांमध्ये खूप गाजले. कामोंइश स्वतः काही काळ गोव्यात राहिला होता. एका लहान स्कॉटिश गावातून वास्को द गामाची कथा इंग्लंडभर पोहोचली, ही गोष्ट गोव्याच्या वाचकांना तरी महत्त्वाची वाटावी.

गिरण्यांबद्दल थोडक्यात, कारण तिथेही प्रश्न पाण्याच्या आणि जागेच्या मालकीचाच आहे. नदीवर दगडी बंधारा घालून पाटाने पाणी वळवायचे आणि त्यावर चाक फिरवायचे, ही सीमाभागातील सर्व कापडगावांची पद्धत होती. बंधाऱ्याची जागा आणि पाण्याचा हक्क ड्यूककडून घ्यावा लागे. 1788 च्या सुमारास सुती गिरणी निघाली. नंतर लोकर आली आणि मेंढपाळांच्या काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या कापडासाठी लँगम प्रसिद्ध झाले. 1837 मध्ये अलेक्झांडर रीड आणि जोसेफ टेलर यांनी ‘रीड अँड टेलर’ सुरू केली. हे नाव महाराष्ट्रात सुटाच्या कापडाच्या प्रत्येक दुकानात पोहोचले आहे. एस. कुमार्स या कंपनीने 1998 मध्ये त्याचा परवाना घेतला, कापड म्हैसूरजवळ विणले जाऊ लागले आणि अमिताभ बच्चन यांच्या जाहिरातींमुळे हे नाव घराघरांत गेले. आपल्या कपाटातील कापडाच्या काठावर छापलेल्या नावाचे मूळ एस्कच्या काठी आहे, पण लँगमची मूळ गिरणी 2013 मध्ये बंद झाली. गावातील कित्येक कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या त्या एकाच दारातून आत-बाहेर करत होत्या. त्यामुळे हा बंद झालेला कारखाना नुसता एक मुक्काम म्हणून बघू नये. रेल्वेही 1864 मध्ये आली आणि 1964 मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली, मालवाहतूक 1967 पर्यंत चालली. गिरण्यांचे हळूहळू आटणे आणि रेल्वेचे जाणे यांचा परिणाम तरुणांच्या स्थलांतरावर कसा झाला, हे जनगणनेच्या पुस्तकांत शोधण्यासारखे आहे.

आता माळाकडे परत येतो. 1759 च्या निकालानंतरही भोवतालचा बहुतेक माळ बक्लू इस्टेटकडेच राहिला आणि तिथे रेड ग्राऊस या पक्ष्यांच्या शिकारीसाठी तो राखला जाई. 1992 ते 1997 या काळात याच माळावर हेन हॅरिअर हा शिकारी पक्षी आणि ग्राऊस यांच्यातील नात्याचा मोठा अभ्यास झाला. हॅरिअरना संरक्षण दिल्यावर त्यांची संख्या वाढली आणि शिकारीसाठी उरणाऱ्या ग्राऊसची घटली. मालकाला मिळणारे शिकारीचे उत्पन्न आणि कायद्याने संरक्षित पक्षी यांतला हा संघर्ष साऱ्या ब्रिटनमध्ये गाजला. पुढे 2008 पासून तोडगा शोधण्याचा आणखी एक दीर्घ प्रयोग झाला, पण शिकार पूर्वीसारखी किफायतशीर झाली नाही. 2019 मध्ये इस्टेटने माळ विकायला काढला. ‘द लँगम इनिशिएटिव्ह’ या गावच्या संस्थेने देशाविदेशातून वर्गणी गोळा केली आणि मार्च 2021 मध्ये 5,200 एकर 38 लाख पौंडांना विकत घेतले. 2022 मध्ये आणखी 5,300 एकर 22 लाख पौंडांना घेतले. त्या जमिनीवर टॅरस खोऱ्याचे निसर्गराखीव क्षेत्र उभे राहत आहे. दलदल पुन्हा ओली करणे आणि स्थानिक झाडे परत आणणे ही कामे तिथे चालू आहेत. ज्या गावाला 1759 मध्ये माळाच्या एका भागासाठी न्यायालयात भांडावे लागले, त्याच गावाच्या नावावर आता दहा हजार एकरांहून अधिक जमीन आहे. गेल्या पन्नास वर्षांत या गावात यापेक्षा मोठी घटना घडलेली नाही, असे माझे मत आहे. त्यामुळे स्तंभ पाहून झाला की टॅरस खोऱ्याकडे अवश्य चालत जावे.

कागदपत्रांबाबत काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. स्कॉटलंडमध्ये जमिनीचे व्यवहार नोंदवणारी ‘सेझिन’ नोंदवही 1617 पासून चालू आहे आणि एखाद्या घराचा मालक कोण होता, हे तिच्यातून मागे मागे जात शोधता येते. 1855 पासून दरवर्षी केलेल्या मूल्यांकन याद्यांमध्ये प्रत्येक घराचा मालक, भाडेकरू आणि वार्षिक मूल्य नोंदलेले असते. लँगमच्या यादीत ‘मालक’ या रकान्याखाली बक्लूचे नाव किती वेळा येते, हे पाहिले की इतका वेळ मी जे सांगत आहे त्याचा पुरावा डोळ्यांसमोर येतो. 1790 च्या दशकात प्रत्येक परगण्याच्या धर्मोपदेशकाने आपल्या गावाचे वर्णन लिहून दिले होते आणि लँगमचे वर्णनही त्यात आहे. अनेक चांगल्या तपशिलांसाठी ते वाचावे, पण लिहिणारा धर्मोपदेशक त्या नेमणुकीसाठी जमीनदारावर अवलंबून होता, हे विसरू नये. नावानिशी जनगणना 1841 पासून मिळते आणि जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1855 पासून. दोन्ही ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात.

नकाशांसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संकेतस्थळ विनामूल्य आहे. 1747 ते 1755 मधील रॉय यांच्या लष्करी सर्वेक्षणात नव्या लँगमचा अजून मागमूस नाही, आणि 1850 च्या दशकातील सहा इंची, म्हणजे एका मैलाला सहा इंच या प्रमाणाच्या, नकाशात नवे गाव, बंधारे आणि गिरण्या सर्व काही दिसते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून एकदा पाहिले, तर ड्यूकच्या एका निर्णयाने नदीचा पश्चिम काठ किती बदलला ते कळते. 1850 च्या दशकातील या सर्वेक्षणाच्या वेळी अधिकाऱ्यांनी प्रत्येक जागेचे नाव कोणी सांगितले हे वहीत लिहून ठेवले आहे. त्या वह्यांत मेंढपाळ, शेतकरी आणि शाळामास्तर या सर्वांची नावे आहेत आणि बर्नफूटचीही नोंद त्यांत सापडेल. 1848 मध्ये सुरू झालेल्या ‘एस्कडेल अँड लिडिस्डेल अॅडव्हर्टायझर’ या स्थानिक वृत्तपत्राचे जुने अंकही पाहण्यासारखे आहेत.

प्रत्यक्ष गावात पाहायचा क्रम मी असा सुचवेन. किल्नग्रीनवर, यूज आणि एस्कच्या संगमाशी सुरुवात करावी, तिथून जुन्या बाजारपेठेत यावे, टेलफर्डच्या काळच्या पुलावरून नव्या लँगममध्ये जावे आणि नदीच्या काठाने वर 1813 च्या ओतीव लोखंडाच्या डचेस ब्रिजपर्यंत चालावे. व्हिटाची चढण दुपारी नव्हे, तर सकाळी करावी, कारण पश्चिमेकडून पाऊस येतो आणि दुपारनंतर माथा बहुधा ढगात जातो. बर्नफूट आजही खाजगी मालकीचे घर आहे, म्हणून ते रस्त्यावरूनच पाहावे.